मागच्या डाव्या टायरची आतली कड

नणंदबाईंच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही, हे डॉक्टरीण लग्नानंतर वर्षभरातच शिकली होती. कुणी शिकवलं नव्हतं, पण घरात सगळेच तसं वागत. नणंदबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी भुवई उचलली की वर्गातली कुजबुज थांबायची, आणि घरी आल्यावरही ती भुवई काही लगेच खाली यायची नाही. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे डॉक्टरणीचा नवरा, चाळिशी ओलांडून गेला तरी बहिणीसमोर खिशातला हात बाहेर काढून बोलायचा.

डॉक्टरीण दातांची. पण तिचं माहेर टायरवाल्यांचं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचा वडिलांचा छोटा कारखाना होता. लहानपणी तिचा अभ्यास टायरच्या ढिगावर बसूनच झालेला. लग्न ठरताना नणंदबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणाची आहे, पण त्यांच्या घरी पाणी प्यायलं तरी रबराचा वास येतो." ते वाक्य फिरत फिरत डॉक्टरणीच्या कानावर आलं, आणि तिनं ते मनात ठेवून दिलं.

पुढे त्याच रबरानं दोघींना एकत्र आणलं. पन्नाशीच्या तोंडावर नणंदबाईंना वेगाचं वेड लागलं. शहराबाहेर शर्यतींचा एक ट्रॅक होता. महिन्यातून एका रविवारी तो साध्या गाड्यांना खुला असायचा. पैसे भरा, हेल्मेट घाला आणि घरची गाडी हवी तितकी पळवा. नणंदबाई एकदा कुणाबरोबर बघायला म्हणून गेल्या आणि परत आल्या त्या डोळ्यांत निराळीच चमक घेऊन. गाडी दोन्ही घरांची सामाईक. वरच्या मजल्यावर नणंदबाई एकट्या, खाली भाऊ-भावजय आणि नऊ वर्षांची भाची चिऊ. सोमवार ते शनिवार गाडी भावाकडे, रविवारी बहिणीकडे. पहिल्या दोन रविवारांतच नणंदबाईंनी पुढचे टायर खाऊन टाकले, तेव्हा त्यांना भावजयीचं माहेर आठवलं.

"तुला टायर वाचता येतात ना?" त्यांनी जिन्यातच गाठून विचारलं होतं.

"येतात थोडेफार."

"मग येत्या रविवारी चल. आणि हे बघ, बाळूला बोलू नकोस. उगाच घाबरेल."

तेव्हापासून भावाला सांगितलं जायचं की मुख्याध्यापकांचं शिबिर आहे, आणि डॉक्टरीण तिथे शिक्षकांचे दात तपासायला जाते. दर महिन्याला तपासायला या शिक्षकांच्या तोंडात दात उरलेत तरी किती, असा प्रश्न त्या बिचाऱ्याला कधी पडला नाही. डॉक्टरणीला खोटं बोलायला आवडायचं नाही. पण ट्रॅकवरचा तो दिवस तिला आवडायचा. त्या दिवशी नणंदबाई तिचं ऐकून घ्यायच्या. निदान टायरच्या बाबतीत तरी.

त्या रविवारी सकाळी तिनं नेहमीसारखा चारही टायरवरून हात फिरवला. सगळं ठीक होतं. हवा मोजली, टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे जमिनीला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते तिथे, खडूच्या रेघा ओढल्या. गाडी वळणावर झुकली की टायर किती कलंडतो ते या रेघा सांगतात. रेघ पुसली गेली नाही तर हवा जास्त आहे, फार खालपर्यंत पुसली गेली तर कमी. सकाळच्या वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा तिनं रेघा बघितल्या, हवा जराशी वरखाली केली. दुसऱ्या फेरीनंतर हात फिरवायला बसली तर नणंदबाईंनी घाई केली.

"ते राहू दे आता. जेवून घे, मग आपल्याला टायर बदलायचेत."

दुपारसाठी टायरचा दुसरा संच होता. मऊ रबराचा, रस्त्याला घट्ट धरणारा. तो ट्रॅकवरच्या मिस्त्रीकडे ठेवलेला असायचा, म्हणजे घरी कुणाच्या नजरेला पडायला नको. मिस्त्रीनं गाडी उचलली, चाकं बदलली, नणंदबाईंनी स्वतः नट आवळून बघितले. त्यांच्या मनात आज एकच गोष्ट होती. मागच्या वर्षी त्यांनी ज्या वेळेत ट्रॅकला एक चक्कर मारली होती, त्याहून कमी वेळेत आज मारायची.

"मागचा भाग जरा सैल वाटतोय," हेल्मेटचा पट्टा बांधता बांधता त्या म्हणाल्या. "लांब उजव्या वळणावर. पण छान वाटतं. गाडी आपणहून वळते."

"सकाळी तसं होत होतं?"

"दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत नव्हतं. टायर तापले असतील."

"ताई, एकदा बघू का मी?"

"तू बघत बसलीस की संध्याकाळ होते," असं म्हणून त्यांनी काच वर केली, आणि गाडी निघून गेली.

डॉक्टरणीनं काढून ठेवलेली चारही चाकं ओढत शेडच्या सावलीत नेली. प्रत्येकावर खडूनं जागा लिहिलेली होती. खाली बसून ती एकेक टायर साफ करायला लागली. खाचांत अडकलेले खडे काढायचे, चिकटलेलं रबर खरवडायचं. हे काम करताना तिचं डोकं शांत व्हायचं.

पुढचा डावा अपेक्षेप्रमाणे बाहेरच्या खांद्यावर खाल्ला गेला होता. रबराच्या बारीक वळ्या झाल्या होत्या, खोडरबर घासल्यावर होतात तशा. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, वळणं बहुतेक उजवी, तेव्हा सगळा भार डाव्या अंगावर. पुढचा उजवा त्याहून बरा. मागचा उजवा तर इतका सभ्य, की ही गाडी फक्त बाजारात जाऊन आली असं कुणीही म्हटलं असतं.

मग तिनं मागच्या डाव्यावर हात ठेवला.

आतून बाहेर हात सरकवला, गुळगुळीत. बाहेरून आत आणला आणि तो अडला. रबराच्या प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीसारखी बोचली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग चाक उजेडात फिरवून ती त्यावर वाकली. टायरची आतली कड, जी गाडीखाली असते आणि सहसा कुणाला दिसत नाही, ती झिजून चकचकीत झाली होती. सकाळी ती तशी नव्हती. सकाळी याच हातांनी तिनं ती तपासली होती.

अशी झीज वेगानं येत नाही, वळणानंही येत नाही. चाक तिरकं चालतं तेव्हा ती येते. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, असं असलं की टायर फिरायच्या बरोबरीनं घासतही राहतो. वडील म्हणायचे, नांदायला आलेल्या पण मन माहेरी असलेल्या सुनेसारखं ते चाक. डॉक्टरणीला त्या विनोदावर कधी हसू आलं नव्हतं, आणि आता तर ती चाकावर आणखी खाली वाकली.

कारण तिला आणखी एक गोष्ट दिसली. रबरावरच्या घासल्याच्या रेघा एका जातीच्या नव्हत्या. खालच्या, बारीक, जराशा तिरक्या. आणि त्यांच्या अंगावरून गेलेल्या वरच्या, खोल आणि जास्त तिरक्या. म्हणजे आधी चाक थोडं तिरकं झालं, मग अधिक. एका दिवसात. चाकाला मागे जागेवर धरून ठेवणारं काहीतरी हळूहळू सुटत होतं किंवा वाकत होतं. आणि आता त्याच गाडीला जास्त घट्ट धरणारे टायर लावून नणंदबाई त्याच लांब उजव्या वळणावर, सगळा भार त्याच चाकावर टाकत होत्या. मागचा भाग आपणहून वळतो, म्हणे.

डॉक्टरीण उठली आणि मनोऱ्याच्या दिशेनं धावत सुटली.

मनोरा म्हणजे दुमजली काचेची खोली. वर ट्रॅकचे प्रमुख पडद्यांसमोर बसलेले असायचे. कुठलीही गाडी बाहेर बोलवायची तर त्यांनी खालच्या झेंडेवाल्याला सांगायचं, मग तो काळा झेंडा आणि गाडीचा आकडा दाखवायचा. डॉक्टरीण धापा टाकत वर आली, तेव्हा ते चहा पीत होते.

"चौदा नंबरला आत बोलवा. लगेच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुम्ही मॅडमच्या भावजय ना? बसा. चहा घ्या."

"चहा नको. गाडीच्या मागच्या चाकात काहीतरी बिघडलंय."

"मॅडमनी सकाळीच सांगून ठेवलंय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "म्हणाल्या, माझी भावजय घाबरट आहे. धावत वर आली तर तिला चहा द्या आणि झेंडा दाखवू नका."

डॉक्टरणीला अपमान वाटायलाही वेळ नव्हता.

"मी घाबरट आहे," ती म्हणाली. "पण मी टायर बघून आले आहे. मागचा डावा. आतल्या कडेला करवत झालीय आणि दोन वेगळ्या कोनांच्या रेघा आहेत. चाकाचा कोन बदलतोय."

"रस्त्यावरची गाडी आहे. कोन थोडाफार इकडेतिकडे असतोच."

"सकाळी नव्हता."

"बाई, मी गाडी बोलावली आणि काही निघालं नाही, तर मॅडम माझी शाळा घेतील. त्यांची आज वेळ चांगली लागतेय. हे बघा." त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

तिनं पडद्याकडे पाहिलं, आणि तिला एकदम सुचलं.

"ठीक. झेंडा दाखवू नका. फक्त लांब उजवं वळण माझ्याबरोबर बघा. ताई वळणाच्या मध्यावर आल्या की गाडीचा मागचा भाग बाहेर जाईल. वेग वाढवताना नाही, ब्रेक लावतानाही नाही. मध्येच, काही न करता. आणि पुढच्या फेरीत त्याहून जास्त जाईल. तसं झालं नाही तर मी गपचूप चहा पिते."

प्रमुखांनी कप खाली ठेवला.

गाडी वळणात शिरली. सुंदर रेघ धरली होती, नणंदबाईंचा हात स्थिर असायचाच. मध्यावर आली आणि मागचा भाग हलकेच बाहेर घसरला, जणू कुणी बोटानं ढकलल्यासारखा. त्यांनी सफाईनं सावरलं आणि गाडी पुढे गेली.

"सगळ्यांच्याच घसरतात इथे," प्रमुख म्हणाले. पण आवाज आता निराळा होता.

दोघंही उभी राहिली. गाडी ट्रॅकच्या पलीकडच्या अंगाला गेली, झाडांमागे दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. डॉक्टरणीनं खिडकीची चौकट धरून ठेवली होती. सरळ रस्त्यावरून गाडी आवाज करत गेली. मग पुन्हा ते वळण. या वेळी मागचा भाग घसरला तो थांबेचना. गाडी जवळजवळ आडवी झाली, चाकांखालून धूर निघाला, एक चाक कडेच्या मातीत उतरलं आणि धुळीचा लोट उठला. लोटातून गाडी बाहेर आली ती सरळ होती. कशी सरळ झाली ते नणंदबाईंनाच ठाऊक.

"चौदा नंबर, काळा झेंडा," प्रमुख यंत्रात ओरडले. "लगेच दाखव."

झेंडेवाल्यानं झेंडा काढला. नणंदबाई त्याच्यासमोरून गेल्या. वेग कमी झाला नाही.

"दिसला नाही का त्यांना?" डॉक्टरणीनं विचारलं.

प्रमुख पुन्हा यंत्राकडे वळले. त्यांनी वाटेतल्या सगळ्या झेंडेवाल्यांना सावधानतेचे पिवळे झेंडे हलवायला सांगितलं आणि इतर गाड्यांना मागे राहायला लावलं. ती एक फेरी डॉक्टरणीला जन्मभर विसरता येणार नव्हती. ती देवाचं नाव घेणाऱ्यांतली नव्हती. ती मनातल्या मनात नणंदबाईंनाच हाक मारत होती. ताई, हळू. ताई, एवढं ऐका. लांब वळणाच्या तोंडाशी गाडीचा वेग कमी झाला. थोडासाच, पण झाला. मागचा भाग डगमगला आणि राहिला. त्यानंतर गाडी सावकाश आत आली.

डॉक्टरीण खाली पोचली तेव्हा नणंदबाई हेल्मेट काढून उभ्या होत्या. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"कुणी बोलावलं मला?"

"मी."

"ती घसरण मी सावरली होती. माझी चूक झाली, मी लवकर वळले. एवढ्यासाठी तू वर जाऊन तमाशा केलास?"

"तुमची चूक नव्हती, ताई. चाकात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते अजून माहीत नाही."

"माहीत नाही," नणंदबाईंनी ते शब्द असे उच्चारले की आजूबाजूचे दोघे-तिघे मान वळवून निघून गेले. "मिस्त्री, बघा जरा. आमच्या डॉक्टरीणबाईंना शंका आहे."

मिस्त्रीनं गाडी उचलली. मागचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, वर-खाली, डावी-उजवीकडे. चाक घट्ट होतं. खाली सरकून त्यानं नट-बोल्ट चाचपले. एकही सैल नव्हता.

"काही नाही दिसत, मॅडम."

नणंदबाईंनी भावजयीकडे पाहिलं. ती उचललेली भुवई डॉक्टरणीला पंधरा वर्षं ओळखीची होती. एरवी ती एवढ्यावरच मागे सरली असती. हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःला बजावून चहा करायला गेली असती.

"अजून वेळ आहे," नणंदबाई म्हणाल्या. "खाली घ्या गाडी."

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

तिनं गाडीचं दार उघडून किल्ली काढून घेतली आणि मुठीत धरली. तिला स्वतःलाच कळलं नाही हे कधी झालं.

"किल्ली दे."

"नाही देणार. ताई, तुम्ही मला दोन वर्षं टायर वाचायला आणताय. मी म्हटलं हवा कमी करा, की तुम्ही करता. मी म्हटलं आज पुढचे अदलाबदल करा, की करता. माझं सोयीचं तेवढं ऐकायचं आणि बाकीच्याला घाबरट म्हणायचं, असं नाही चालणार. चाक काढा. मला आतलं बघायचंय."

नणंदबाईंनी मिस्त्रीला मान हलवून खूण केली.

चाक निघालं. आत सगळं धुळीनं माखलेलं. डॉक्टरणीनं चिंधी डिझेलमध्ये बुडवली आणि गुडघ्यांवर बसून एकेक भाग पुसायला लागली. दातांवरचं कीटण काढताना हात जसा चालतो, तसा तिचा हात चालत होता. गाडीच्या मधल्या भागापासून चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जातो. चाकाची दिशा तोच धरून ठेवतो. तो पुसल्यावर स्वच्छ, काळाभोर निघाला.

"इकडचे सगळे भाग करडे झालेत," ती म्हणाली. "हा एवढा काळा कसा?"

मिस्त्री वाकला. दांड्यावर त्यानं नख फिरवलं. "रंग नवा आहे," तो म्हणाला. मग त्यानं पातं घेऊन रंग खरवडला. मध्याच्या जरा पुढे दांड्याला एक बाक होता, अगदी थोडा, आणि त्या बाकाच्या पोटात केसासारखी एक भेग. भेगेची सुरुवात गंजून तांबूस झालेली. पुढचा भाग मात्र ताजा, चमकणारा. ती अर्ध्याहून जास्त दांडा चिरून गेली होती.

मिस्त्रीनं हात मागे घेतला, जणू त्याचा धक्का लागून तो दांडा तुटेल.

"हा वाकलेला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणीतरी तापवून, ठोकून सरळ केलाय आणि वरून रंग मारलाय. मॅडम, हे अजून दोन-तीन वळणंसुद्धा टिकलं नसतं."

नणंदबाई जमिनीवरच बसल्या. हेल्मेट मांडीवर. कितीतरी वेळ त्या त्या भेगेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन काढला आणि भावाला लावला. आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये धरला.

"बाळू, गाडी कुठे आपटलीस?"

"कोण म्हणालं आपटली म्हणून?"

चोराच्या मनात चांदणं, ते असं.

"मी विचारतेय ते सांग."

"ताई, तुम्ही शिबिराला ना? गाडीला काय झालं तिथे?"

"आम्ही शिबिराला नाही. आम्ही ट्रॅकवर आहोत. मी दर महिन्याला गाडी इथे आणते आणि पळवते, तुझ्यापासून लपवून. माझं झालं सांगून. आता तू सांग."

मग त्याचा आवाज आला, लहान मुलाचा असावा तसा. मागच्या आठवड्यात, शाळेतून येताना. फोनकडे एक क्षण लक्ष गेलं आणि गाडी मागच्या चाकानं रस्त्याच्या दुभाजकावर चढून पलीकडे आदळली. कुणाला लागलं नाही. वाटेवरच्या एका कारागिरानं काम करून दिलं, म्हणाला अगदी नवीनसारखं झालंय. दोघांची गाडी आपण वाकवली, हे ताईला कसं सांगायचं, म्हणून तो बोलला नाही.

"शाळेतून येताना," डॉक्टरीण म्हणाली. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "म्हणजे चिऊ गाडीत होती."

"हो."

"आणि त्यानंतर आठवडाभर तू तिला त्याच गाडीतून नेत-आणत होतास."

"मला वाटलं दुरुस्त झालीय. अगं, खरंच मला वाटलं—"

तिनं फोन बंद केला. किल्ली अजून मुठीत होती, आणि किल्लीचे दात तळहातात रुतले होते.

गाडी आपल्या चाकांवर घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. प्रमुखांनी एक टेंपो बोलावून दिला. गाडी मागे बांधली आणि दोघी चालकाशेजारी बसल्या. चालक गप्प माणूस होता, रेडिओही लावला नाही त्यानं. शहराची पहिली घरं दिसायला लागली.

मग नणंदबाई समोर बघत म्हणाल्या, "मी झेंडा बघितला होता."

डॉक्टरणीनं मान वळवली.

"पहिल्याच वेळी. काळा, आणि खाली चौदा. मला वाटलं तूच गेली असशील वर. म्हटलं, एक फेरी तरी पुरी करू दे हिला घाबरायला." त्या थांबल्या. "वळणाच्या तोंडाशी आल्यावर मात्र पायानं आपणहून वेग सोडला. का, मला नाही सांगता येत. मला तेव्हा भीती वाटली होती, आणि ती मी तुझ्यावर काढली."

"मनोऱ्यावर त्यांनी मला चहा देऊ केला," डॉक्टरीण म्हणाली.

नणंदबाईंनी डोळे मिटून घेतले. "तेही मीच सांगितलं होतं."

"सांगितलं त्यांनी."

डॉक्टरणीला रडू येत होतं आणि हसूही, आणि ते दोन्ही तिनं आवरलं. तिला ताईंचा राग यायला हवा होता. पण राग सगळा दुसरीकडे जाऊन साठला होता, आणि टेंपो घराकडे जसजसा जवळ येत होता तसतसा तो वर येत होता.

नवरा फाटकाशी उभा होता. टेंपोवर बांधलेली गाडी बघून त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरीण खाली उतरली आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता आत गेली. चिऊ खोलीत होती, वही उघडी, पण लिहीत नव्हती. आईला बघताच ती उभी राहिली.

"आई, बाबांनी तुला सांगितलं?"

"काय सांगायचं होतं?"

चिऊनं दाराकडे पाहिलं. बाबा तिथे येऊन उभे राहिले होते, त्यांच्या मागे आत्या.

"बाबा म्हणाले होते की आईला सांगायचं नाही. आत्याला तर अजिबात नाही. मी नाही सांगितलं. पण मग गाडीत बसताना माझ्या पोटात दुखायचं, म्हणून मी डबा खात नव्हते. तू रागावलीस डब्यावरून, तरी मी नाही सांगितलं."

डॉक्टरणीनं तिला जवळ ओढलं. आठवडाभर ती लेकीच्या न खाल्लेल्या डब्यावरून चिडचिड करत होती. तोंड उघडायला लावून तिनं दाढा सुद्धा तपासल्या होत्या, कुठे कीड लागलीय का म्हणून.

"मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीनं घरात भांडण कशाला," नवरा म्हणाला. "चिऊला मी आईस्क्रीम दिलं होतं."

"बाळू, गप्प बस," नणंदबाई म्हणाल्या. पण त्या आवाजात नेहमीची जरब नव्हती. त्या आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. "तू माझ्या भीतीनं बोलला नाहीस. मी तुझ्यापासून लपवून गाडी पळवत होते. आणि या दोघींना आपण दोघांनी मध्ये धरलं. एकीला गप्प राहायला सांगितलं, दुसरीला खोटं बोलायला."

तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभाच राहिला. मग तो डॉक्टरणीकडे बघून म्हणाला, "माफ कर, असं म्हणून भागायचं नाही, कळतंय मला."

"नाही भागायचं," डॉक्टरीण म्हणाली. "आज तरी नाही."

ती त्याच्यावर पुढे पुष्कळ दिवस रागावलेली राहिली. तो चिऊला चालत शाळेत सोडायला लागला, गाडीला नवा दांडा बसून आला तरीही. फोन पिशवीत तळाशी घालून. जाता-येता बापलेकीच्या खूप गप्पा व्हायच्या, आणि त्यांतलं सगळं चिऊ घरी येऊन आईला सांगायची, कधी कधी नको ते सुद्धा. राग असाच हळूहळू विरत गेला. कुठल्या दिवशी संपला, ते डॉक्टरणीला सांगता आलं नसतं.

पण त्या संध्याकाळी त्या खोलीत कुणालाच पुढचं काही माहीत नव्हतं. चिऊ आईच्या कुशीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "मग आता मी सांगू? गाडी कशी उडाली ते?"

"सांग," आत्या म्हणाल्या. "सगळं सांग. सावकाश."

चिऊ पलंगावर मांडी घालून बसली आणि तिनं सुरुवातीपासून सुरुवात केली.